प्रकाशाची तार

जबलपूर शहरात मापाचे महत्त्व कोणास समजावून सांगावे लागत नाही. १९०४ साली येथे तोफांचे गाडे तयार करणारा सरकारी कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तेव्हापासून या शहरातील कित्येक घरांत फिटर, टर्नर, तपासनीस असे शब्द नित्याच्या बोलण्यात येऊन बसले. लेथवर कातून काढलेला दांडा ठरल्या मापाचा उतरला की नाही, हे पाहण्यासाठी कारागीर त्यास मायक्रोमीटरच्या जबड्यात धरतो. भोक बरोबर पडले की नाही, हे पाहण्यासाठी तो त्यात गेज घालतो. गेजचे एक टोक आत गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. एवढ्यावर त्या कामाचा निकाल लागतो.

या सर्व मोजणीत दोन गोष्टी मात्र न बोलता गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे, मोजावयाची वस्तू स्वस्थ उभी राहते. आणि दुसरी म्हणजे, मोजणाऱ्याचा स्पर्श तिला सहन होतो. आता अशी एक वस्तू कल्पावी की, जी केसाहून बारीक आहे, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावते आहे, डोळ्यांस दिसत नाही आणि स्पर्श होताच नाहीशी होते. तिची जाडी कशी मोजावयाची? हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. जबलपूरहून नर्मदा पश्चिमेकडे वाहत जाते आणि पुढे तिचेच पाणी उपसून इंदूर शहरास पुरविले जाते. त्या इंदुरात हा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे.

इंदूरच्या सुखनिवास तलावाच्या परिसरात १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते एका संशोधन केंद्राची कोनशिला बसविण्यात आली. डिसेंबर २००५ मध्ये या केंद्रास भौतिकीविद राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. लेसर आणि कणवेगवर्धक अशी दोन शास्त्रे एकाच छपराखाली वाढवावयाची, हा या केंद्रामागचा विचार होता. त्याचे पहिले संचालक डॉ. दिलीप देविदास भवाळकर हे जबलपूरच्या शेजारच्या सागर शहरचे. १९४० साली त्यांचा जन्म तेथेच झाला, सागर विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले, इंग्लंडात साउथँप्टन येथे त्यांनी लेसरविषयी संशोधन केले आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच विषयाचे काम पुढे चालविले. ज्या केंद्राचे धुरीणत्व लेसरच्या अभ्यासकाकडे आले, त्याच केंद्रात देशातील पहिले इलेक्ट्रॉन-साठवण वलय १९९९ साली सुरू झाले. हे वलय म्हणजे इंडस-१. त्यामागून २००५ साली इंडस-२ हे मोठे वलय कार्यान्वित झाले. लेसर आणि वेगवर्धक ही दोन शास्त्रे जेथे परस्परांच्या अगदी निकट येतात, ते स्थळ म्हणजेच प्रस्तुत विषय होय.

इंडस-२ या वलयाचा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. हे वलय म्हणजे धातूची एक पोकळ नळी असून तिच्यातील हवा जवळजवळ पूर्णपणे काढून घेतलेली असते. तिच्यातून अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत राहतात. त्यांच्या सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या होतात. चुंबक त्यांस वळवितात, दुसरे चुंबक त्यांस एकत्र आवळून धरतात, आणि अशा रीतीने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची जी बारीक धार बनते, तिला शलाका असे म्हणतात. शलाका सलग नसते. माळेतील मण्यांप्रमाणे तिचे तुकडे असतात, आणि लागोपाठच्या दोन तुकड्यांत अवघ्या दोन अब्जांश सेकंदाचे अंतर असते. तिची आडवी रुंदी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी असते आणि उभी जाडी त्याहून पुष्कळ कमी असते.

वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतात. दृश्य प्रकाशापासून क्ष-किरणांपर्यंत पसरलेल्या या प्रकाशास सिंक्रोट्रॉन प्रारण असे नाव आहे, आणि त्याच्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. देशातील निरनिराळ्या विद्यापीठांतून संशोधक आपापले नमुने घेऊन इंदुरास येतात. कोणी प्रथिनाचा स्फटिक आणतो, कोणी मिश्रधातूचा पातळ पापुद्रा आणतो. त्यांस वेळ ठरवून मिळतो, आणि तो मोजका असतो. त्या वेळात शलाका जर फुगली, तर तेवढेच इलेक्ट्रॉन अधिक जागेत पसरतात, प्रकाशाचा उगम मोठा होतो, आणि बारीक फटीतून नमुन्यावर पडावयाचा प्रकाश फटीच्या कडांवरच अडतो. दिव्याची वात मोठी केली म्हणजे उजेड वाढतो, असा घरातील अनुभव आहे. येथे नेमके उलट घडते. म्हणून शलाकेची जाडी हा केवळ यंत्रचालकाच्या कुतूहलाचा विषय नव्हे. दूरवरून आलेल्या संशोधकाचे श्रम सार्थकी लागणार की वाया जाणार, हे तिच्यावर अवलंबून असते.

ही जाडी मोजण्याचे जुने उपाय साधे होते. शलाकेच्या वाटेत चमकणारा पडदा धरावा आणि त्यावरील ठिपका पाहावा, हा पहिला उपाय. ताणलेली बारीक तार शलाकेतून आरपार न्यावी आणि तारेवर आदळून उडणारे कण किती, ते मोजीत जावे, हा दुसरा. तार शलाकेच्या कडेवर असते तेव्हा थोडे कण उडतात, मध्यावर आली की पुष्कळ उडतात, आणि पलीकडे गेली की पुन्हा थोडे. या चढउताराचा आलेख काढला की शलाकेचे माप हाती येते. सरळ रेषेत एकदाच धावणाऱ्या शलाकेस हे उपाय लागू पडतात. वलयात मात्र तीच शलाका तासन्‌तास फिरत ठेवावयाची असते. तेथे वाटेत पडदा किंवा तार आली की काही क्षणांतच शलाका संपुष्टात येते. उलट शलाका फार दाट आणि बारीक झाली की तारच टिकत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील रेषीय वेगवर्धकावर काम करणाऱ्यांस हा अनुभव आला. कधी मोजमाप वस्तूचा नाश करते, तर कधी वस्तू मोजमापाचा नाश करते, असा हा पेच आहे.

वलयाच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. शलाका स्वतःच प्रकाश टाकते. तेव्हा त्या प्रकाशाने तिचे छायाचित्र घ्यावे. इंडस-२ वर याच कामासाठी दोन वाटा राखून ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी एक दृश्य प्रकाशाची आहे आणि दुसरी क्ष-किरणांची. पण दृश्य प्रकाशाच्या छायाचित्रास एक मर्यादा पडते. प्रकाश हा तरंग आहे, आणि शलाकेचा प्रकाश अतिशय अरुंद झोतातून येत असल्यामुळे त्याची प्रतिमा मुळातच थोडी पसरट उमटते. हा पसरटपणा काही दशक मायक्रॉनांचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. क्ष-किरणांची तरंगलांबी फार लहान असल्यामुळे सुईच्या टोकाहून बारीक छिद्रातून घेतलेली त्यांची प्रतिमा पुष्कळ अधिक रेखीव येते. तथापि शलाका आणखी बारीक होऊ लागली की हाही उपाय अपुरा पडू लागतो. सरळ रेषेत धावणारी शलाका तर वळतच नाही, त्यामुळे तिचे छायाचित्र घेण्यास पुरेसा प्रकाश मिळणे कठीण. तेथे बाहेरून प्रकाश न्यावा लागतो.

बाहेरून प्रकाश नेऊन अदृश्य वस्तू कशी दिसते, याचा दाखला भेडाघाटास मिळतो. धुआँधार धबधब्यापाशी सकाळच्या वेळी उभे राहिले असता, कड्याआडून येणारा सूर्यकिरण तुषारांच्या ढगात शिरताच एखाद्या पांढऱ्या दांड्यासारखा उठून दिसतो. कोरड्या हवेत तो दिसत नव्हता. तुषारांनी त्याचा थोडा भाग बाजूला उडविला, म्हणून तो डोळ्यांपर्यंत पोहोचला. येथे तुषारांमुळे किरण कळला. हाच व्यवहार उलटा करता येतो. किरण आपल्या माहितीचा असेल, तर त्यातून उडालेल्या प्रकाशावरून तुषार कोठे दाट आहेत आणि कोठे विरळ आहेत, हे सांगता येईल. इलेक्ट्रॉनांची शलाका म्हणजे तो तुषारांचा ढग, आणि लेसर म्हणजे आपल्या हातातील माहितीचा किरण.

प्रकाश इलेक्ट्रॉनावर आदळून उडतो तेव्हा त्याची ऊर्जा बदलते, हे आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ साली दाखविले आणि त्याबद्दल त्यांस १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन जवळजवळ स्वस्थ होता, म्हणून प्रकाशकणाची ऊर्जा घटली. वेगवर्धकात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावत असतो, म्हणून तेथे प्रकाशकणास उलट ऊर्जा मिळते. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर तयार केला, आणि एका रंगाचा, एका दिशेचा, हवा तसा एकवटता येणारा प्रकाश हाती आला. हिरव्या लेसरच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा सव्वादोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या थोडी वर असते. इंडस-२ सारख्या शलाकेवर तो काटकोनात आदळला, तर उडताना त्याची ऊर्जा जास्तीत जास्त १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाऊ शकते, म्हणजे साडेचार कोटी पटींहूनही अधिक वाढते. हिरवा प्रकाश आत गेला आणि तीव्र भेदक गॅमा किरण होऊन बाहेर पडला, असे हे रूपांतर आहे. शिवाय हे किरण इलेक्ट्रॉनांच्या धावण्याच्या दिशेनेच निघतात. दहा मीटर अंतर कापल्यावरही त्यांचा झोत दोन-चार मिलिमीटरच पसरतो.

यावरून योजनेचे स्वरूप ध्यानात येईल. लेसरचा किरण भिंगाने एकवटून बारीक करावा आणि तो शलाकेस आडवा ठेवावा. आरशाची दिशा किंचित बदलीत तो वरून खाली सरकवावा, आणि प्रत्येक जागी किती गॅमा किरण उडाले, ते मोजावे. जुन्या तारेचेच हे काम आहे. पण ही तार प्रकाशाची आहे. ती तुटत नाही, कारण ती क्षणोक्षणी नवी असते. आणि शलाकेस ती जवळजवळ धक्काही लावीत नाही. एक मिलिज्यूल एवढ्या हिरव्या प्रकाशात सुमारे २७ कोटी कोटी प्रकाशकण असतात. त्यांपैकी अगदी मोजक्यांचीच इलेक्ट्रॉनांशी गाठ पडते. बाकीचे आले तसे निघून जातात.

योजना आखणाऱ्याची खरी कसोटी यापुढे लागते. किरण जितका बारीक करावा, तितका त्याचा बारीक भाग आखूड होतो. हिरवा लेसर १० मायक्रॉन त्रिज्येपर्यंत एकवटला, तर त्या कमरेपासून दोन्ही बाजूंस अवघ्या ०.६ मिलिमीटरवर त्याची त्रिज्या १४ मायक्रॉन झालेली असते. शलाका रुंद असेल, तर तिच्या कडांवर तार जाड आणि मध्यावर बारीक, असा प्रकार होतो. तेव्हा शलाकेची उभी जाडी पाहून तार किती बारीक हवी हे ठरवावे लागते, आणि आडवी रुंदी पाहून ती किती बारीक करणे परवडेल हे ठरवावे लागते. लेसरचा स्पंद आणि शलाकेचा तुकडा ही दोन्ही एकाच क्षणी एकाच जागी आली पाहिजेत. म्हणून लेसरचे घड्याळ वलयाच्या घड्याळास बांधावे लागते. वलय चालू असताना त्याच्या बोगद्यात कोणास जाता येत नाही. म्हणून लेसर बाहेर ठेवून त्याचा प्रकाश आरशांच्या मालिकेने आत न्यावा लागतो, आणि त्या वाटेवरील प्रत्येक आरशाचा कंप शेवटी मापात उतरतो. जागेचा प्रश्नही लहान नाही. वलयातील सरळ भाग मोजकेच असतात. इलेक्ट्रॉन आत घेणारी सामग्री, त्यांस ऊर्जा देणाऱ्या पोकळ्या आणि प्रखर प्रकाश निर्माण करणारे विशेष चुंबक यांचा त्या भागांवर अगोदरच हक्क असतो.

मोजणाऱ्या यंत्राची जागा मात्र सहज ठरते. पुढच्या चुंबकापाशी इलेक्ट्रॉन वळून जातात आणि गॅमा किरण सरळ पुढे येतात. तेथेच त्यांस गाठावे. पण त्याच दिशेने दुसरेही गॅमा किरण येत असतात. नळीत उरलेल्या वायूच्या अणूंवर इलेक्ट्रॉन आदळून ते निघालेले असतात. खरे कोणते आणि परके कोणते, हे ओळखण्यासाठी एक साधी रीत आहे. एकदा लेसर सोडून मोजावे, एकदा न सोडता मोजावे, आणि दुसरी संख्या पहिलीतून वजा करावी. ही वजाबाकी ज्या योजनेत नसेल, तिने काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

आणि शेवटी सर्वांत नाजूक प्रश्न येतो. तार सरकवून जे माप हाती येते, ते शलाकेचे एकटीचे नसते. त्यात तारेची स्वतःची जाडीही मिसळलेली असते. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा नियम येथे उपयोगी पडतो. शलाकेची जाडी ही एक बाजू, तारेची जाडी ही दुसरी बाजू, आणि प्रत्यक्ष मोजलेले माप हा कर्ण. मोजलेले माप ५० मायक्रॉन असेल आणि तार ३० मायक्रॉन असेल, तर शलाका ४० मायक्रॉन ठरते. तारेच्या मापात एका मायक्रॉनाची चूक झाली, तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही. पण तारच ४८ मायक्रॉन असेल, तर शलाका १४ मायक्रॉन ठरते. आणि तार खरोखर ४९ मायक्रॉन असेल, तर शलाका १० मायक्रॉनच्या किंचित आत येते. तारेविषयीच्या एका मायक्रॉनाच्या अज्ञानाने शलाकेच्या मापात चार मायक्रॉनांचा फरक पडला. यावरून नियम असा निघतो की, तार शलाकेहून बारीक हवी, आणि ती किती बारीक आहे हे शलाकेस हात घालण्यापूर्वी स्वतंत्रपणे मोजलेले हवे. तारेच्या जाडीचा अंदाज करून काढलेले उत्तर म्हणजे अंदाजच. त्यापुढे कितीही दशांश स्थळे लिहिली, तरी ते मोजमाप होत नाही.

शलाका मायक्रॉनाहूनही बारीक असेल तर काय करावयाचे? प्रकाश आपल्या तरंगलांबीहून फारसा बारीक एकवटता येत नाही, तेव्हा तारेचा उपाय तेथे संपतो. जपानी शास्त्रज्ञ त्सुमोरु शिंताके यांनी यातून निराळी वाट काढली. एकाच लेसरचे दोन किरण समोरासमोर आणले, तर त्यांच्या मिलनस्थळी प्रकाशाचे आणि अंधाराचे पट्टे उमटतात. हिरव्या प्रकाशाच्या बाबतीत हे पट्टे २६६ नॅनोमीटर अंतरावर असतात. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनाचा हजारावा भाग. जणू प्रकाशाची फणीच तयार झाली. शलाका फणीच्या दात्याहून बारीक असेल, तर ती कधी उजेडात आणि कधी अंधारात सापडते, आणि गॅमा किरणांची संख्या ठळकपणे वरखाली होते. शलाका जाड असेल, तर ती एकाच वेळी अनेक दाते व्यापते आणि हा चढउतार मावळतो. चढउतार किती उरला, यावरून जाडी कळते. स्टॅनफर्ड येथे १९९० च्या दशकात या रीतीने ७० नॅनोमीटरच्या आसपासची शलाका मोजली गेली, आणि पुढे जपानमधील त्सुकुबा येथे ५० नॅनोमीटरहूनही बारीक शलाकेचे माप घेण्यात आले.

एवढे सर्व साध्य होत असताना, अशी तार इंदूरच्या वलयावर लगेच बसवावी काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. योजनेच्या पहिल्याच पानावर या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. इंडस-२ ची शलाका आज ज्या जाडीची आहे, ती मोजण्यास तिचाच क्ष-किरण प्रकाश पुरेसा आहे. जे फुकट मिळते ते सोडून सार्वजनिक पैशाने अवघड यंत्र उभारणे हे शहाणपणाचे नव्हे. परंतु इंदुरातील कामाचा दुसराही एक भाग आहे. तेथे नायोबियम धातूच्या अतिसंवाहक पोकळ्या तयार करण्याचे काम झाले आहे, आणि न्यूट्रॉनांच्या उगमासाठी लागणाऱ्या प्रोटॉन-वेगवर्धकाचा अभ्यास होत आला आहे. अशा रेषीय यंत्रातील जड कण पुरेसा प्रकाश टाकीत नाहीत. आणि त्यात धातूची तार घातली व ती तुटली, तर तिचे कण अतिसंवाहक पोकळ्यांचा आतील पृष्ठभाग बिघडवितात. अमेरिकेतील ओक रिज येथील अशाच यंत्रात याच कारणाने लेसरची तार पत्करण्यात आली. तेथे शलाका ऋण हायड्रोजन आयनांची असते. त्या आयनास जो एक जादा इलेक्ट्रॉन सैलपणे चिकटलेला असतो, तो लेसर सोडवून घेतो, आणि सुटलेले इलेक्ट्रॉन मोजून शलाकेचे माप काढले जाते. तेव्हा तारेची गरज कोठे आहे आणि कोठे नाही, हा विवेक हाच योजनेचा पाया होय.

जबलपूरच्या कारखान्यात जुना तपासनीस नव्या उमेदवारास प्रथम जो धडा देतो, तोच येथेही लागू पडतो. गेज वापराने झिजते. म्हणून कामाचे माप गेजने तपासावे, आणि गेजचे माप ठराविक मुदतीने त्याहून विश्वसनीय अशा दुसऱ्या गेजने तपासावे. झिजलेल्या गेजने पास केलेला जॉब सदोष निघाला, तर त्याबद्दल जॉबला दोष देता येत नाही. लेथवरील दांडा असो की प्रकाशाच्या वेगाने धावणारी शलाका असो, मोजणाऱ्याने आपल्या मापाची शहानिशा आधी करून घ्यावी आणि मगच ते वस्तूस लावावे. प्रकाशाची तार धातूसारखी झिजत नाही, हे खरे. पण आरसा हलतो, भिंग तापते, किरणाची कंबर सरकते. म्हणून तिलाही रोज सकाळी तपासून घ्यावे लागते.